लोकांसाठी धावताना घर मागे पडतंय, मदत करणं बंद करू का?

प्रश्न बराच मोठा होता म्हणून आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आणि माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. तुम्ही चाळिशीतले, घरी बायको, आई आणि आठवीतला मुलगा. बिल्डिंगमध्ये कुणाला काहीही लागलं की पहिला फोन तुम्हाला. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा आहेत, त्यांच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या तुम्हीच करता. ऑफिसातल्या एकाला मध्यंतरी बऱ्यापैकी पैसे दिलेत, ते घरी नंतर कळलं. बायको म्हणते "जगासाठी वेळ आहे, आमच्यासाठी नाही", मुलगा हल्ली फारसा बोलत नाही, आणि मागच्या महिन्यात तुम्ही स्वतः आठवडाभर आजारी होतात, ग्रुपवर "बरं नाहीये" एवढं टाकलंत तर "लवकर बरे व्हा" चे मेसेज भरपूर आले पण दारात एकही माणूस आला नाही. तेव्हापासून मनात बसलंय की एवढं करून मिळालं काय, सगळं बंद करून फक्त घराकडे बघावं का.

मी बरीच वर्षं कुटुंब समुपदेशन करतेय, सोबत वस्त्यांमध्ये शेजारगट उभे करायचं कामही करते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी भेटतो. माझं सरळ मत सांगते, बंद करू नका. पण आत्ता जसं चाललंय तसंही चालू ठेवू नका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत त्या आधी बोलून घेऊ. आईची तब्येत कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. त्यांचं उठणंबसणं दुसऱ्याच्या आधाराने होत असेल तर बायकोच्या तक्रारीचं वजन खूप वाढतं आणि बाहेरची कामं काही काळ खरंच कमी करावी लागतील. बायको नोकरी करते की घरी असते, तुमच्यावर कर्ज आहे का, हेही माहीत नाही, आणि पैशाच्या बाबतीत मी पुढे जे लिहिलंय ते कर्ज असेल तर अजून कडक धरा. आणि हे तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितेय: घरात व्यसन, मारहाण किंवा रोजचा अपमान असेल तर खालचं काहीच लागू नाही, तिथे आधी सुरक्षित होणं आणि प्रत्यक्ष कुणाची तरी मदत घेणं.

आता मुद्द्याचं. तुम्ही हे सगळं वेळेची वाटणी म्हणून बघताय, म्हणजे आठवड्यात इतके तास आहेत, लोकांना दिले की घराचे कमी होतात आणि घराला दिले की लोकांचे. तासांचा प्रश्न असतोच, नाही म्हणत नाही, पण माझ्यासमोर जी जोडपी येऊन बसतात त्यांचं भांडण तासांवरून क्वचित असतं. एक जोडपं आठवतंय, आमचं बोलणं चालू असतानाच त्या गृहस्थांचा फोन वाजला, त्यांनी उचलला, "हो हो, रविवारी ना, येतो की, काळजी करू नका" म्हणाले आणि ठेवला, सगळं मिळून अर्धा मिनिटसुद्धा गेलं नसेल. मी बायकोकडे बघितलं. ती चिडलेली नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, ह्यांचा हाच स्वभाव बघून मी लग्न केलं. पण आता त्या एका 'हो' मध्ये माझा पण रविवार गेला ना, आणि मला कुणी विचारलंच नाही." तो माणूस खरंच गोंधळला, कारण त्याच्या मते त्याने स्वतःचा रविवार दिला होता, तिचा कुठे दिला?

दिला होता. तुम्ही आजोबांना घेऊन हॉस्पिटलला जाता ते तीन-चार तास घरात काय चालू असतं ते डोळ्यासमोर आणा. आईची औषधं, मुलाचा अभ्यास, दुरुस्तीवाला येणार असेल तर त्याच्यासाठी घरी थांबणं, हे सगळं कुणीतरी करतंच की, तुम्ही नसताना तुमच्या वाट्याचंसुद्धा. म्हणजे आजोबांची सोय तुम्ही दोघांनी मिळून केली. आजोबा आभार मानतात तुमचे, बिल्डिंगमध्ये नाव होतं तुमचं, आणि तिच्या वाट्याला येते ती फक्त दमणूक. वर तिने नाराजी दाखवली की ती कोत्या मनाची ठरते. तुमच्या प्रश्नातही "तिला समजत नाही" असं वाक्य आहे, मला वाटतं तिला व्यवस्थित समजतंय. ती रोज देतेच आहे, फक्त ते द्यायचं की नाही हे ठरवण्यात तिला कधी सामील केलेलं नाही.

आणि आपल्याला दुसऱ्याचं काम दिसत नाही यात तुमचा स्वभाव वाईट वगैरे काही नाही, माणसाचं डोकंच तसं चालतं. मायकल रॉस आणि फिओर सिकोली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये जोडप्यांना वेगवेगळं बसवून विचारलं होतं की घरातल्या कोणत्या कामात तुमचा वाटा किती, आणि दोघांचे आकडे जोडले की बेरीज बहुतेक वेळा शंभराच्या वर गेली. कारण साधं आहे, स्वतः केलेलं काम आपल्याला हालचालीसकट आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपल्याला फक्त झालेलं दिसतं. मी हा प्रयोग कायम करून घेते. दोन कागद, बोलायचं नाही, घरकाम, मुलं, म्हाताऱ्या माणसांचं बघणं, बिलं, नातेवाइकांशी संबंध ठेवणं, प्रत्येकासमोर आपापला टक्का लिहायचा. वर सांगितलेल्या जोडप्यात म्हाताऱ्यांचं बघणं यासमोर त्याने ६० लिहिलं आणि तिने ८५. कोण खोटं लिहितंय यावर वाद घालायला मी देत नाही, त्याऐवजी दोघांनी आपल्या आकड्यात काय काय मोजलं ते मोठ्याने सांगायचं. त्याने मोजल्या होत्या डॉक्टरकडच्या फेऱ्या. तिने मोजलं होतं गोळ्या संपत आल्यात हे लक्षात ठेवणं, अपॉइंटमेंट घेणं, कोणतं दुखणं डॉक्टरला सांगायचं राहिलं ते आठवण करून देणं, रात्री खोकल्याचा आवाज आला की उठून बघणं. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञाने २०१९ मध्ये याच डोक्यातल्या कामाचे चार भाग मांडलेत, पुढे काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं का यावर लक्ष ठेवणं, आणि तिला असं दिसलं की ठरवण्याच्या वेळी दोघं असतात पण ओळखणं आणि लक्ष ठेवणं बहुतेक बायकांकडेच राहतं. तुम्ही घरी हा कागद करून बघा, फक्त एक अट पाळा, पूर्ण ऐकून होईपर्यंत "अगं पण मी पण" हे चार शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

पुढची गोष्ट मुलाची, आणि खरं तर बायकोचीही. घरच्यांना वेळ द्यायचा म्हणजे कुठेतरी सहल काढायची, सुट्टी टाकायची असं आपण समजतो, आणि ते काही दर आठवड्याला जमत नाही म्हणून मग काहीच होत नाही. नातं टिकतं ते फार बारीक बारीक हाकांना ओ दिल्याने. मुलगा मोबाइल पुढे करून म्हणतो "बाबा हे बघा ना", बायको खिडकीतून बघून म्हणते "आज काय गर्दी आहे खाली", आई उगाचच विचारते "किती वाजले रे". यातल्या एकाही वाक्याला तसं काही काम नसतं, प्रत्येकातून एकच विचारलेलं असतं, आहेस का तू इथे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन गॉटमन यांनी नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली, तेव्हा जी एकत्र होती त्यांनी अशा हाकांना सुमारे ८६ टक्के वेळा ओ दिलेली होती आणि ज्यांचा घटस्फोट झाला त्यांनी सुमारे ३३ टक्के वेळा. दोन्हीकडे प्रेमाने लग्न केलेली माणसं होती. आता तुमचं बघा, बाहेरच्या हाकेला तुमची ओ जवळजवळ शंभर टक्के आहे, कारण फोन वाजतो. घरातली हाक वाजत नाही.

तेरा-चौदा वर्षांचं पोर हाका मारायच्या कमी करतं, त्यात वयाचा भाग आहे, पण बऱ्याचदा आधीच्या हाका वाया गेल्याचा हिशोबही असतो. म्हणून त्याला समोर बसवून "तू बोलत का नाहीस" असं विचारू नका, त्याने काही होत नाही, तो अजून मिटतो. तो बोलेल ते छोटं काहीतरी पकडा. विशेषतः तो काही चांगलं सांगेल तेव्हा. शेली गेबल यांनी २००४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासात हे छान दिसतं, आपण जवळच्या माणसाच्या आनंदाच्या बातमीला कसे वागतो याचा नात्याच्या समाधानाशी थेट संबंध सापडला. अडचणीत तर सगळेच धावतात, तुम्ही तर सगळ्यात आधी. पण मुलगा म्हणाला "मला टीममध्ये घेतलं" आणि तुम्ही मान वर न करता "वा, छान, अभ्यास मागे पडू देऊ नको" म्हणालात तर ते घेतलं न घेतल्यासारखंच. तिथे थांबायचं, फोन उलटा ठेवायचा आणि दोन-तीन प्रश्न विचारायचे, कुणी घेतलं, काय म्हणाले, तुला कसं वाटलं. दोन मिनिटं लागतात. मदत करणाऱ्या स्वभावाच्या माणसांना हे अवघड जातं हे मी खूप बघितलंय, कारण त्यांना प्रॉब्लेम असला की काय करायचं ते कळतं आणि प्रॉब्लेम नसला की कळत नाही. घरातली माणसं मग नकळत प्रॉब्लेम घेऊनच जवळ येतात, नाहीतर येत नाहीत.

आता तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट, आजारपणात कुणी आलं नाही. मला ते वाचताना वाईट वाटलं, खरंच. पण यावरून लोक कृतघ्न आहेत असा निष्कर्ष काढायची घाई करू नका, त्यामागे निदान तीन कारणं मला दिसतायत आणि तिन्हींवर उपाय आहे.

पहिलं कारण ग्रुप. लाटाने आणि डार्ली यांचा १९६८ चा एक प्रयोग मानसशास्त्रात सगळ्यांना शिकवतात. इंटरकॉमवरून बोलता बोलता पलीकडच्या माणसाला फिटचा झटका आल्याचा आवाज ऐकवला, ऐकणाऱ्याला वाटत होतं की आपण एकटेच ऐकतोय तेव्हा ८५ टक्के लोक मदतीसाठी उठले, आणि अजून चार जण ऐकतायत असं वाटत होतं तेव्हा फक्त ३१ टक्के. माणसं तीच, पण बाकीचे आहेत म्हटल्यावर प्रत्येकाला वाटतं कुणीतरी गेलं असेल. बिल्डिंगच्या ग्रुपवर तर केवढी माणसं असतात, तिथे "बरं नाहीये" टाकलं की सगळ्यांना वाटणार, त्यांच्याकडे काय, त्यांची इतकी ओळख, कुणी ना कुणी असेलच. आणि तुम्ही लिहिलंत "बरं नाहीये", काय हवंय ते लिहिलंच नाहीत.

दुसरं कारण, तुम्ही मागतच नाही. मागणाऱ्याला नेहमी वाटतं समोरचा नाही म्हणेल, लाज वाटते, आणि हा अंदाज खूपदा चुकतो. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा बोन्स यांनी २००८ मध्ये हे तपासलं, अनोळखी लोकांना गाठून एक प्रश्नावली भरून घ्यायची, आणि आधी सांगायचं की पाच होकार मिळवायला किती जणांना विचारावं लागेल. अंदाज साधारण वीसचा होता, प्रत्यक्षात दहाच्या आसपास लोकांना विचारून काम झालं. म्हणजे लोक आपल्याला वाटतात त्याच्या दुप्पट तयार असतात, आणि ते अनोळखी, तुमच्या बिल्डिंगमधले तर ओळखीचे आहेत. त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर टाकू नका, एका माणसाला नावाने फोन करा आणि एकच नेमकं काम सांगा, "आज संध्याकाळी येताना माझं औषध घेऊन येता का, चिठ्ठीचा फोटो पाठवतो." आणि आजारी पडायची वाट बघू नका. याच आठवड्यात कुणाकडून तरी छोटी मदत घ्या, शिडी मागा, मुलाला क्लासला सोडायला सांगा, काहीही. मला माहितीये तुम्हाला हे आवडणार नाही, देणाऱ्या माणसाला घेणं फार जड जातं. पण थोडं त्यांच्या बाजूने बघा, तुम्ही कायम देता आणि कधी घेत नाही तर समोरचा माणूस कायम तुमच्या ऋणात राहतो, त्याला ते फेडायची संधीच मिळत नाही, आणि ऋणात असलेला माणूस हळूहळू टाळायला लागतो. मी शेजारगटांमध्ये हे इतक्यांदा बघितलंय की आता नवीन गट करताना पहिल्या भेटीत प्रत्येकाला दोन गोष्टी बोलायला लावते, मी काय देऊ शकतो आणि मला काय हवंय. पहिलं सगळे पटकन सांगतात. दुसऱ्याला शांतता होते, पण एकाने सुरुवात केली की बाकीचे बोलतात. ज्या गटात दुसऱ्याची उत्तरं मोकळेपणी येतात तो गट टिकतो, हा माझा अनुभव.

तिसरं कारण जरा बोचेल. लोक तुम्हाला ओळखतात ते कामापुरते. जेफ्री हॉल यांनी कॅन्सस विद्यापीठात २०१८ मध्ये मैत्री जमायला किती वेळ लागतो ते मोजायचा प्रयत्न केला, तर नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, बऱ्यापैकी मित्र व्हायला ९०, आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर तास सोबत जावे लागतात, आणि त्यातही नुसतं एकत्र काम करण्यात गेलेल्या तासांचा तेवढा उपयोग होत नाही, गप्पांचे, रिकामेपणी घालवलेले तास लागतात. तुमचे तास सगळे अडचणीतले आहेत. लाइट गेली, पाइप फुटला, कुणाला ॲडमिट केलं, तुम्ही आलात, काम केलंत, निघालात, बसलात कधी? म्हणजे त्यांच्या डोक्यात तुम्ही हेल्पलाइन आहात, आणि हेल्पलाइनला बरं नसतं असं कुणाच्या मनातच येत नाही. त्यामुळे मदतीचे काही तास कमी करून त्यातले थोडे नुसते बसण्यात घाला, आणि शक्यतो घरच्यांना घेऊन. दोन कुटुंबं महिन्यातून एकदा काही कारण नसताना एकत्र बसली तर ते नातं कुटुंबाचं होतं, तुमच्या एकट्याचं राहत नाही, आणि तुम्ही आजारी पडलात की तुमच्या बायकोलाही कुणाला तरी हक्काने फोन करता येतो. मागच्या महिन्यात तिने कुणाला फोन केला नाही, बरोबर? तिचं कुणी नव्हतंच तिथे.

इथपर्यंतचं जरा गोळा करते. घरात तक्रार आहे कारण देणं तुम्ही एकटे ठरवता आणि त्याचा भार दोघांवर पडतो. बाहेर एकटेपणा आहे कारण तुम्ही फक्त देता, तेही अडचणीत. दोन्हीकडे बघितलं तर तुमच्या देण्यात घर कुठेच नाही.

मग घराला आत घ्यायचं कसं? मी सुचवते ते असं, आठवड्यातून एकदा अर्धा तास बसा, बायको, आई, मुलगा, सगळे. पुढच्या आठवड्यात घरात काय आहे ते आधी बोलायचं, मग बाहेर कुणाला काय हवंय ते, आणि त्यातलं आपण घर म्हणून काय घेणार ते ठरवायचं. सुरुवातीला बायको कदाचित सगळ्यालाच नाही म्हणेल, साठलेलं असतं ना, म्हणू द्या, दोन-तीन आठवडे ते नाही पाळा सुद्धा. मी बघितलंय की आपल्या नाहीला किंमत आहे हे एकदा कळलं की तीच बाई आपणहून म्हणते "अहो, त्या आजोबांकडे या आठवड्यात कुणी गेलं नाही". जी गोष्ट नाकारता येते तीच मनापासून करता येते. नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांचा २०१० चा अभ्यास याच्याच जवळ जातो, स्वतःच्या मर्जीने मदत करणाऱ्याला त्यातून बरं वाटतं आणि मदत घेणाऱ्यालाही, पण दडपणाखाली, वाईट दिसेल म्हणून केलेल्या मदतीत तो फायदा दिसत नाही. तुमच्याही बाबतीत थोडं तपासा, सगळ्या फोनना तुम्ही जाता ते जावंसं वाटतं म्हणून, की नाही म्हणता येत नाही म्हणून? मला वाटतं निम्मे निम्मे असावेत, पण ते तुम्हीच सांगू शकाल.

नाही म्हणायची सवय नसणाऱ्यांना मी एकदम नाही शिकवत नाही, एक वाक्य पाठ करायला देते: "घरी विचारून तासाभरात सांगतो." फक्त एवढंच. खरी इमर्जन्सी असेल तर अर्थातच तसंच उठायचं, त्याला कुणाची हरकत नसते. बाकीच्या फोनमध्ये तासाभरात बऱ्याच लोकांची सोय दुसरीकडे होऊन गेलेली असते. उरलेल्यांना हो म्हणताना पण माप ठेवून म्हणा, "मी सहा ते सात येऊ शकतो." कमी केलं म्हणून कमी पुण्य वगैरे काही नाही. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकल नॉर्टन यांनी २००८ मध्ये लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले आणि संध्याकाळपर्यंत काहींनी स्वतःवर तर काहींनी दुसऱ्यावर खर्च करायचे असं सांगितलं, दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी जास्त खूश होते, आणि पाच होते की वीस त्याने फरक पडला नाही. छोटं देऊनही ते पोचतं.

पैशाबद्दल मात्र मी कडक आहे. ऑफिसातल्या माणसाला दिलेत ते दिलेत, पण घरात न सांगता देणं यात रक्कम गेल्यापेक्षा विश्वास जास्त जातो, बायकोला आता प्रश्न पडणार की अजून काय काय आहे. त्यामुळे आधी तिला सगळं सांगा, आकड्यासकट, कुणाला, कधी, परतीचं काय ठरलंय, आणि तिने न विचारता सांगा. पुढे एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा, तेवढ्यापर्यंत कुणीही एकट्याने द्यावी, त्यावर गेलं की दोघांचा होकार. आणि देताना उधार आहे की देऊन टाकलेत ते समोरच्यालाही स्पष्ट सांगा, लिहून ठेवा. गेले तर घर हलेल एवढी रक्कम उधार देऊच नका, माणूस कितीही जवळचा असो. याने नाती तुटतात अशी लोकांना भीती वाटते. मी तुटलेली बघितलीत ती बहुतेक मोघम ठेवलेल्या व्यवहारांमुळे.

मुलाला यात घ्या, पण भाषण देऊन नाही. "बघ मी लोकांसाठी किती करतो, शिक काहीतरी" हे त्याच्या कानात असं पडतं की बाबा लोकांचे आहेत. त्याला एक खरं काम द्या, ज्यात तो नसेल तर अडेल, आणि एका ठराविक माणसासाठी. तुमच्या बाबतीत ते समोरच आहे, वरचे आजोबा. त्यांचा फोन लावून देणं, रिपोर्टचे फोटो काढून एका जागी ठेवणं, पुढच्या तपासणीची तारीख सांभाळणं, हे आठवीतलं पोर तुमच्यापेक्षा चांगलं करेल. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. पहिल्यांदा त्याच्याबरोबर जा, नंतर तो एकटा जाऊ दे, आणि आल्यावर काम झालं का असं न विचारता आजोबा काय म्हणाले ते विचारा. तुमचं त्याच्याशी बोलणं सुरू व्हायला तुम्हा दोघांबाहेरचा एखादा विषय लागतो, तो इथे आयता मिळतो.

आजोबांचंच शेवटचं, कारण तुम्ही विचारलंय की मी थांबलो तर त्यांना कोण बघणार. तुम्ही एकट्याने त्यांना बघणं हे त्यांच्यासाठीही धोक्याचं आहे, मागचा महिना आठवा, तुम्ही आडवे होतात तेव्हा त्यांच्याकडे कोण गेलं? म्हणून चार घरं मिळवा. ग्रुपवर नाही, एकेकाला नावाने, समोर जाऊन, एकेक ठराविक काम: एकाने हॉस्पिटल, एकाने सकाळचा एक फोन, एकाने औषधं आणणं, एकाकडे मुलांचे वा नातेवाइकांचे नंबर. त्याआधी आजोबांना विचारा, त्यांना कोण चालेल, काय नको आहे, कारण आपण म्हाताऱ्या माणसांचं सगळं त्यांच्या डोक्यावरून ठरवतो आणि मग ते कुरकुर करतात म्हणतो. आणि त्यांनाही काहीतरी द्यायला सांगा. ते दिवसभर घरी असतात ना, तुमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवा, कुरिअर त्यांच्याकडे येऊ दे, मुलगा कधी लवकर सुटला तर त्यांच्याकडे बसू दे. हे बोलायला तुम्ही एकटे वर जाऊ नका, बायकोला घेऊन जा. आणि चार घरांची यादी तिलाच करू दे, कारण कोण खरंच वेळेवर येईल आणि कोण फक्त हो म्हणेल हे तिला तुमच्यापेक्षा नक्की जास्त माहीत असणार.